स्पेनचा टेनिसपटू डेव्हिड फेरर याचा जागतिक क्रमवारीतला तिसरा क्रमांक ही खरेच नदालच्या गुडघ्याची कृपा होती का?

लालमाती: कालच्या टेनिसच्या चर्चेत ‘निर्विकार’ यांनी एका वाक्यात निकाल लावून टाकला : ‘फेरर हा मेहनती पण सामान्य खेळाडू, २०१३ मधला त्याचा तिसरा क्रमांक ही नदालच्या गुडघ्याची कृपा.’ म्हणजे गुडघ्याच्या दुखापतीने नदाल खेळत नव्हता, म्हणून फेरर वर सरकला. हे वाचून गप्प बसवेना. जेमतेम पावणेसहा फूट उंचीच्या या खेळाडूला सर्व्हिसवर फुकटचे गुण फारसे कधी मिळाले नाहीत. मागच्या रेषेवरून धावून, समोरच्याची उत्तम सर्व्हिस परतवून आणि रॅली लांबवूनच त्याला गुण कमवावे लागले. तरीही २०१२ च्या ऑस्ट्रेलियन ओपनपासून २०१४ च्या फ्रेंच ओपनपर्यंत सलग दहा ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांत त्याने उपांत्यपूर्व फेरी गाठली, आणि त्यांपैकी दोनच स्पर्धांना नदाल मुकला होता. उरलेल्या आठ स्पर्धांत कोणाचा गुडघा दुखत होता, हे निर्विकार यांनी सांगावे.

निर्विकार: सातत्य मी नाकारलेले नाही, थोरवी नाकारली आहे. फेडररशी सतरा लढती आणि सतराही पराभव, हा हिशेब आपण सोयीस्करपणे वगळलात. ग्रँड स्लॅमची अंतिम फेरी त्याने एकदाच, २०१३ च्या फ्रेंच ओपनमध्ये, गाठली आणि तेथे नदालने त्याला ६-३, ६-२, ६-३ असे हरवले. त्या सामन्यातले लोकांना आज आठवते ते मैदानात घुसलेल्या निदर्शकाच्या हातातले पेटते नळकांडे. ग्रँड स्लॅमच्या खालोखालच्या मास्टर्स स्पर्धांतले एकमेव विजेतेपद २०१२ चे, पॅरिसचे, तेही पात्रता फेरीतून आलेल्या यानोविचविरुद्ध, फेडरर आणि नदाल स्पर्धेतच नसताना.

कोर्टकडेला: २०१३ च्या त्याच फ्रेंच ओपनमध्ये अंतिम फेरीपर्यंत त्याने एकही सेट गमावला नव्हता, आणि उपांत्य फेरीत समोर घरच्या प्रेक्षकांचा लाडका त्सोंगा होता, हेही लिहायला हवे होते. शिवाय २००७ च्या अमेरिकन ओपनमध्ये आणि २०११ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्याने नदाललाच घरी पाठवले.

निर्विकार: २०११ मध्ये नदाल जखमी होता. पुन्हा दुखापतच!

जुनापट्टू: आकडेवारीत मूळ मुद्दा हरवतो आहे. फेरर घडला तो शिस्तीतून. किशोरवयात तो सराव टाळू लागला, की त्याचे प्रशिक्षक हावियेर पिलेस त्याला चेंडू ठेवण्याच्या लहानशा अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवत. कंटाळून त्याने टेनिस सोडले, काही दिवस बांधकामावर मजुरी केली आणि मुकाट्याने परत आला. आजच्या पालकांना हे सांगितले, तर ते पोलिसांत जातील, आणि मग विचारतील की आपल्याकडे फेरर का घडत नाही.

वैदर्भी: पालक पोलिसांत गेले, तर योग्यच करतील. नागपुरात मी लहानपणी ज्यांच्याकडे टेनिस शिकले, ते चुकलेल्या प्रत्येक फटक्यासाठी उन्हात मैदानाला फेऱ्या मारायला लावत. माझ्यासोबतच्या मुलींपैकी एकीनेही पुढे रॅकेट हातात धरली नाही. कोंडलेल्या मुलांपैकी जो तिसऱ्या क्रमांकावर पोहोचला त्याची गोष्ट सांगितली जाते. बाकीच्यांना कोण विचारतो?

जुनापट्टू: बाई, उन्हात फेऱ्या मारल्याने कोणी मरत नाही. फेररने स्वतः पिलेस यांची साथ २०१३ च्या अखेरीपर्यंत सोडली नाही. त्याला अन्याय वाटला असता, तर तो इतकी वर्षे राहिला असता का?

वैदर्भी: मला ‘बाई’ म्हणून समजूत घालण्याचे कारण नाही. तो राहिला, हा कोंडण्याच्या बाजूचा पुरावा नव्हे. अनेक जण मारकुट्या बापाच्या घरातही आयुष्यभर राहतात. तो परत आला तो बांधकामावरचे कष्ट पाहून, खोलीच्या आठवणीने नव्हे.

जुनापट्टू: आमच्या पिढीने मार खाल्ला आणि नोकऱ्याही केल्या. एवढेच म्हणतो आणि थांबतो.

कोर्टकडेला: थांबाच. २०१६ मध्ये डेव्हिस चषकासाठी, म्हणजे देशांच्या संघांच्या स्पर्धेसाठी, स्पेनचा संघ दिल्लीत आला, तेव्हा मी प्रेक्षकांत होतो. सगळे नदालसाठी आले होते आणि तो पहिल्या दिवशी एकेरीत उतरलाच नाही. फेररने साकेत मायनेनीला सरळ सेटमध्ये हरवले, आणि सामना हातात असतानाही तो प्रत्येक चेंडूमागे असा धावत होता की माझ्या शेजारचे गृहस्थ चिडून म्हणाले, ‘आता तरी सोड रे बाबा.’

लालमाती: डेव्हिस चषकाचा विषय निघालाच आहे, तर २००९ ची अंतिम लढत आठवा : स्तेपानेकविरुद्ध पहिले दोन सेट गमावून फेररने पाचवा ८-६ असा जिंकला. २०११ मध्ये देल पोत्रोला पाच सेटमध्ये हरवले. २०१२ मध्ये प्रागच्या अंतिम लढतीला नदाल नव्हता. फेररने एकेरीचे दोन्ही सामने जिंकले आणि तरी स्पेन हरला. तेथे कृपा कोणाची होती?

निर्विकार: ठीक आहे, प्राग तुमचे. तिसऱ्या क्रमांकाचे अर्धे श्रेयही फेररला देऊन टाकतो. उरलेले अर्धे गुडघ्याकडेच राहील, कारण फेडररविरुद्धच्या सतरा पराभवांवर अद्याप कोणी तोंड उघडलेले नाही.