मदत हवी आहे: प्लेऑफआधी तिसरा-चौथा संघ कसा ठरवू?

नमस्कार भाऊ लोक. आर्वी तालुक्यात आमची हौशी बास्केटबॉल लीग चालू आहे. आठ संघ, चार सेमीफायनलला. वरचे दोन पक्के. उरलेल्या दोन जागांसाठी तीन संघ आहेत.

कापूस वेचणीमुळे काही सामने झालेच नाहीत. कोणाचे सात झाले, कोणाचे पाचच. फिबा (बास्केटबॉलची जागतिक संघटना) प्रमाणे जिंकल्यास 2, हरल्यास 1, न आल्यास 0 असे गुण धरले, तर जास्त खेळलेला संघ हरूनही वर सरकतो. जिंकण्याची टक्केवारी काढली. तिघेही जवळजवळ सारखे. आपसातले सामने पाहावे, तर त्यातला एक राहिलाच. गुणफरकाची सरासरी काढली, पण एकाने पाचच पोरं घेऊन आलेल्या संघाला चाळीसने हरवलंय, तिथेच सगळं बिघडतं.

स्कोअरशीटवर फक्त क्वार्टरचे गुण आणि फाउल आहेत, रिबाउंड-असिस्टसारखे खेळाडूंचे आकडे नाहीत. मैदान एकच, सेमीफायनल रविवारी, म्हणून राहिलेले सामने होणार नाहीत. पोरं दिवसभर वावरात राबून खेळायला येतात, कोणावर अन्याय नको.

फरकाला 15-20 ची मर्यादा घालून सरासरी काढावी, की समोरचा संघ किती तगडा होता तेही मोजावं? मोजायचं तर कागदावर जमेल असं कसं?