यवतेश्वरच्या घाटात मारुती ८०० तापते: हेड गॅस्केटसोबत वॉटर पंपही बदलू का?

घाटवाला, सातारा:
मारुती ८००, ९८ चं मॉडेल, वडिलांची. गावात तापमानाचा काटा मध्यावर, यवतेश्वरची वळणं सुरू झाली की लाल पट्टीकडे. थंड इंजिन रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून चालू केलं तर आत सारखे बुडबुडे. ऑइल मात्र स्वच्छ! पंपाखालीही ठिबकतंय. मिस्त्री म्हणतो हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवून त्याखालचं गॅस्केट, म्हणजे सील, बदलायचंच. पंप चालेल तेवढा चालवू का?

पाना_बारा, सांगली:
बुडबुडे थांबतच नसतील तर गॅस्केट गेलं, दादा. सिलिंडर आणि पाण्याच्या वाटेमध्येच फुटलं असेल तर ऑइल पांढरं होत नाही. पंपाच्या बारीक भोकातून ठिबकतंय म्हणजे आतलं सील गेलं. हेडसाठी टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारा पट्टा) उतरणारच आहे, पंप कशाला ठेवताय? मजुरी एकदाच द्या.

कृष्णाकाठ, कराड:
हेड ॲल्युमिनियमचं, तापलं की वाकतं. सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) तुमच्यासमोर लावायला सांगा, ०.०५ मिमीच्या वर फट निघाली तर फेसिंग, म्हणजे हेड घासून सपाट करणं. बोल्ट कसताना मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच (ठरलेल्या जोराने कसणारा पाना). ‘हाताला अंदाज आहे’ म्हणणाऱ्याला लांबून रामराम.

घाटवाला:
बरं, पंप घेतोच. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) काढूनच टाकू म्हणतोय मिस्त्री.

पाना_बारा:
अजिबात नको! इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त पितं. नवा बसवा, आणि बोअरचं पाणी नको, कूलंट भरा.