पीआर कार्ड रिन्यूअलमध्ये अडकलंय, भावाच्या लग्नाला जाऊ का?

स्नेहल, मिसिसागा
नमस्कार मंडळी. धाकट्या भावाचं लग्न डिसेंबरमध्ये कोल्हापुरात आहे. माझं पीआर कार्ड (कॅनडात कायम राहायच्या परवान्याचं) नोव्हेंबरात संपतंय. रिन्यूअलचा अर्ज उन्हाळ्यातच पोर्टलवर टाकला, 50 डॉलर भरले, पोचही आली. पुढे स्टेटस ढिम्म हलत नाही. अर्जंटमध्ये करा म्हटलं, तर लग्न त्यात बसत नाही म्हणे. आई रोज फोनवर विचारते, "करवली येणार ना गं?" आणि नवरा म्हणतो, गेलीस तर तिकडेच अडकशील, पीआर जाईल. खरंच जातो का? तिकीट काढू की नको?

बापूकाका, ब्रॅम्प्टन
स्नेहल, कार्ड संपलं म्हणून पीआर जात नाही, हे आधी जावईबापूंना सांग. पीआरला बघतात ते 5 वर्षांत 730 दिवस इथे राहिलीस का ते. तू भारतीय पासपोर्टवर भारतात चाललीयेस, जाताना कोण अडवणार? घोडं अडतं ते येताना, चेक-इन काउंटरवर. चालू कार्ड नसेल तर एअरलाइन चढू देत नाही.

त्यावर उपाय पीआरटीडी, म्हणजे परमनंट रेसिडेंट ट्रॅव्हल डॉक्युमेंट. फी तीच, 50 डॉलर. बहुतेकदा एकाच प्रवेशापुरतं देतात. मात्र ते कॅनडाबाहेर गेल्यावरच मागता येतं, इथे बसून नाही. त्यामुळे उतरल्या उतरल्या अर्ज टाकायचा, हळद-मेंदी नंतर.

गेल्या खेपेला मी यातून गेलोय. 730 दिवसांचा हिशेब ते नव्याने बघतात. त्या 5 वर्षांत वापरलेल्या सगळ्या पासपोर्टांच्या पानांच्या प्रती (रद्द झालेल्यांच्यासुद्धा), टी-4 (पगाराची टॅक्स स्लिप), नोटिस ऑफ असेसमेंट (टॅक्स खात्याचं पत्र), सगळं इथूनच स्कॅन करून ने. आणि फोटो! 50 बाय 70 मिलिमीटरचा लागतो. आपला स्टुडिओवाला "परदेशासाठी ना?" म्हणत अमेरिकेचा चौकोनी हातावर ठेवतो. पट्टी लावून मोज, आणि मागे स्टुडिओचं नाव, पत्ता नि तारीख लिहून घेतल्याशिवाय पायरी उतरू नकोस.

परतीचं तिकीट तारीख बदलता येणारंच काढ, चार पैसे जास्त गेले तरी. ऑफिसातही परतायला उशीर होईल हे आत्ताच कानावर घालून ठेव.

आणखी एक. अर्जंट म्हणजे घरातलं गंभीर आजारपण, मृत्यू किंवा नोकरीचं काम. कोणीतरी सांगेलच, आईच्या आजारपणाचा दाखला आण म्हणून. असल्या भानगडीत पडू नकोस.

निखिल_ओकव्हिल
ताई, अमेरिकेचा व्हिसा आहे का पासपोर्टवर? असेल तर पीआरटीडीची गरजच नाही. सीमेपलीकडच्या बफेलोपर्यंत विमानाने यायचं आणि दाजींनी गाडी घेऊन न्यायला यायचं. खाजगी गाडीने सीमेवर आलं तर संपलेलं कार्ड, पासपोर्ट आणि लँडिंगचा (पीआर मिळाल्याचा) कागद बघून आत घेतात. जरा उलटतपासणी होते इतकंच. बस किंवा ट्रेन मात्र नको, तिथे विमानासारखाच नियम.

अनघा_प
तिकीट लंडनमार्गे काढू नकोस गं. आपल्या पासपोर्टला तिथल्या ट्रान्झिट व्हिसाची सूट मिळते ती चालू पीआर कार्डावर, संपलेल्यावर नाही. हे जातानाही लागू. दिल्लीचं थेट विमान बघ. पुढचा कोल्हापूरपर्यंतचा प्रवास जिवावर येतो, पण चालेल.

स्नेहल, मिसिसागा
काका, अनघा, खूप आभार. निखिल, अमेरिकेचा व्हिसा नाही रे, तो मार्ग बंद. एकच शंका, मी तिकडे असताना कार्ड घरी आलं तर?

बापूकाका, ब्रॅम्प्टन
मग सोन्याहून पिवळं. कार्ड ते परदेशी पत्त्यावर पाठवत नाहीत, म्हणून नवऱ्याने चांगल्या कुरियरने तुला पाठवायचं, पोस्टाच्या भरवशावर नाही. पण त्या आशेवर पीआरटीडीचा अर्ज लांबवू नकोस. कधी कधी कार्ड घ्यायला स्वतः या असंही पत्र येतं, मग तर ते तुझ्या कामाचंच नाही. टपालपेटीची किल्ली तेवढी त्याच्याकडे देऊन जा.