आई-बाबा येताहेत: मे महिन्यातली फ्लूची लस इथल्या थंडीत पुरेल का?

प्रेषक: अनघा, एडिसन (न्यू जर्सी, अमेरिका)

नमस्कार मंडळी,
आई-बाबा ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून येताहेत, मुक्काम मार्चपर्यंत. बाबा ७८, आई ७१ आणि तिला दमा. दोघांनी मे महिन्यात फ्लूची लस घेतलीय, त्यामुळे बाबांच्या मते यंदाचा विषय संपला. इथे परत द्यावी का? मेडिकेअर (इथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) अर्थातच नाही, आणि आम्ही घेतलेल्या व्हिजिटर इन्शुरन्समध्ये लसी बसत नाहीत.

---

प्रेषक: मेधा

अनघा, परत द्यायला हवी. पुण्यात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, म्हणून तिकडे जूनच्या आत टोचतात. त्या लसीचं बळ काही महिन्यांत ओसरत जातं आणि इथला फ्लू डिसेंबर ते फेब्रुवारीत भरात येतो. परत घ्यायला मे ते ऑक्टोबर हे अंतर पुरेसं आहे. लस अंगी लागायला दोनेक आठवडे जातात, तेव्हा जेट लॅग गेला की लगेच फार्मसीत न्या. ६५ च्या पुढे हाय-डोस मागायची. त्यात साध्या लसीच्या चौपट अँटिजेन (शरीराला विषाणू ओळखायला शिकवणारा घटक) असतं. ती नसेल तर फ्लुआड किंवा फ्लूब्लॉक या दुसऱ्या फ्लूच्या लसी. तिन्हींपैकी काहीच नसेल तर साधी घ्या, वाट बघत बसू नका.

आरएसव्हीची (श्वसनमार्गाच्या आणखी एका विषाणूची) लस वेगळी. सीडीसी (अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था) ती ७५ च्या पुढच्या सगळ्यांना सांगते, ५० ते ७४ मध्ये दम्यासारखा धोका असेल तर. म्हणजे तुमच्याकडे दोघांनाही. एकदाच घ्यायची, दरवर्षी नाही. मात्र खिशातून ३०० डॉलरच्या आसपास जातात, तेव्हा दोन-तीन दुकानांत भाव विचारा. न्यूमोनियाच्या लसीसाठी पुण्याची फाईल मागवा. आधी १३ ची घेतली की २३ ची (आकडा म्हणजे ती जंतूच्या किती प्रकारांवर चालते), यावर पुढचं ठरतं. २० किंवा २१ ची झाली असेल तर आणखी घ्यायची गरजच नाही.

आणि आईंना इनहेलर जास्तीचा आणायला सांगा.

---

प्रेषक: श्रीकांतकाका

मेधा, लसी ठीक, पण आमचा काढा कुठे गेला? सुंठ, मिरी, ज्येष्ठमध. शिवाय रोज वाफ. माझं वय ८१ आहे, पुरावा समोर आहे!

---

प्रेषक: मेधा

काका, सुंठ-मिरी खुशाल. ज्येष्ठमध मात्र रोज नको, त्याने बीपी चढतं आणि तुमची गोळी चालू आहे. वाफेने नाक मोकळं होतं, विषाणू अडत नाही. तेही मांडीवर भांडं घेऊन करू नका. उकळत्या पाण्याने भाजलेले आजी-आजोबा इमर्जन्सीत येतात.

आता खरी काळजीची गोष्ट. आपले आई-वडील बॅगेतून अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची पाकिटं आणतात आणि खोकला आला की गुपचूप सुरू करतात. फ्लूवर तिचा काडीचा उपयोग नाही, आणि औषध चालू आहे या समाधानात दोन दिवस जातात. फ्लूवरच्या ऑसेल्टामिविर या औषधाचा सगळ्यात जास्त फायदा पहिल्या ४८ तासांत होतो. या वयात ताप चढेलच असं नाही. जेवण सोडलं, बोलताना गोंधळले, अचानक पाय लटपटले, तर फोन करा. धाप लागली किंवा ओठ निळसर दिसले तर थेट ९११.

---

प्रेषक: अनघा

मेधाताई, बाबांच्या बॅगेत ती पाकिटं असणार, मला शंभर टक्के खात्री आहे. आल्या आल्या जप्ती! पण घरात बालवाडीतला मुलगा आहे आणि तो आजीच्याच कुशीत झोपतो. त्याला कसं लांब ठेवू?

---

प्रेषक: मेधा

नेहमी लांब ठेवू नका, आजी तेवढ्यासाठीच येतेय. त्याला आणि तुम्हा दोघांनाही फ्लूची लस द्या. त्याचं नाक वाहत असेल तेवढे दिवस वेगळं अंथरूण, आणि शाळेतून आला की साबणाने हात.

---

प्रेषक: कार्यक्रम समिती

दिवाळी कार्यक्रमाबद्दल याच धाग्यात सांगतो. शाळेचा हॉल गेल्या वर्षी फारच कोंदट झाला होता. थर्मोस्टॅटवरचा पंखा 'ऑटो'वर असला की हवं ते तापमान आल्यावर हवा फिरणंच थांबतं, म्हणून यंदा तो 'ऑन'वर ठेवायला सांगितलंय. ज्येष्ठांच्या खुर्च्या बाजूच्या दारांजवळ, मुलांच्या रांगेपासून लांब. मास्क दारात ठेवू, लावणाऱ्याला कुणी "काय झालं?" विचारू नये.

सर्दी-खोकला असेल तर कृपया येऊ नका. तिकिटाचे पैसे परत, फराळाचा डबा घरपोच. डबे पोहोचवायला एडिसन आणि पिस्कॅटवे भागात गाडीवाले दोन स्वयंसेवक हवेत. शुक्रवारपर्यंत कळवा.

---

प्रेषक: श्रीकांतकाका

पिस्कॅटवे माझ्याकडे. डबा दारात ठेवीन, बेल वाजवीन, आत येणार नाही. चकल्या मोजून द्या.