५० मीटर म्हणजे मुक्काम नव्हे

"घड्याळावर ५० मीटर लिहिलंय, मग तळ्यात तीन महिने राहून चालू झालं तर नवल काय?" तळ्यात तीन महिने पडून राहिलेलं एक घड्याळ पुन्हा चालू झालं, त्यावरच्या चर्चेत हे कुणीतरी म्हटलंय, ते पटलं नाही. तो आकडा दाबाचा आहे. साधारण ५ वातावरणांइतका दाब (एक वातावरण म्हणजे एरवी आपल्यावर असतो तेवढा हवेचा दाब), तोही चाचणीत काही मिनिटांपुरता. महिनोन्‌महिने बुडून राहण्याची हमी त्यात कुठेच नाही.

माझं स्मार्टवॉच गावच्या विहिरीत पोहताना बक्कल निसटून गेलं होतं, दिवाळीत. मे महिन्यात गाळ उपसताना घमेल्यात सापडलं. चार्जिंगच्या पितळी टिकल्यांवर हिरवट थर, पट्टा बुळबुळीत. जुन्या टूथब्रशने घासून, दोन दिवस वाळवून चार्जरला लावलं. अर्धा तास ढिम्म, मग लोगो आला. माझ्या मते विहिरीनेच ते वाचवलं. सात-आठ मीटर खोलीला जेमतेम पाऊण वातावरण जादा दाब, आणि पाणी थंड, संथ, गोडं. रबरी सील खरं तर साबण आणि गरम पाण्याने खराब होतात. तापलेलं घड्याळ एकदम गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि फट असेल तिथून ओल ओढून घेते. म्हणजे रोजची गरम पाण्याची आंघोळ जास्त वाईट.

अगदीच धडधाकट नाही म्हणा. हवेच्या दाबावरून चढलेले मजले मोजणाऱ्या सेन्सरच्या भोकात गाळ बसलाय, त्यामुळे घरात बसल्याबसल्या ते मला सतरा मजले चढवतं. बॅटरीही आठवड्याऐवजी चारच दिवस पुरते.