अनुभव धागा: घरकामांची यादी सगळ्यांची झाली आणि...

घरातलं काम हाताने होण्याआधी कुणाच्या तरी डोक्यात असतं. औषधं संपत आलीत, विम्याचा हप्ता भरायचाय, गुरुवारी पालकसभा आहे. हे लक्षात ठेवणारं माणूस घरात बहुधा एकच असतं, आणि बहुतेक वेळा ती बाई असते. समाजशास्त्रज्ञ अ‍ॅलिसन डॅमिंजर यांनी २०१९ साली या न दिसणाऱ्या कामाचे चार टप्पे मांडले: गरज आधीच हेरणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि काम झालं का यावर लक्ष ठेवणं. पहिला आणि शेवटचा टप्पा विशेषकरून बायकांच्याच वाट्याला येतो, असं त्यांना दिसलं. नेमकं हेच ओझं घरातल्या सगळ्यांनी मिळून ठेवलेल्या कामांच्या यादीमुळे हलकं होतं, असं मला मनापासून वाटतं. तुमच्याकडे काय झालं? जे जमलं नाही तेही लिहा.

---

आम्ही गूगल कीपवर एक यादी दोघांत ठेवलीय. खरा फरक पडला तो एका नियमाने: ज्याने काम उचललं, त्याने ते मुळापासून शेवटपर्यंत बघायचं. "लेकीचे दात" नवऱ्याकडे आहेत. म्हणजे वेळ घेणं, तिला नेणं, पुढची तारीख टाकणं, सगळं तोच बघतो. परवा मीटिंगमध्ये असताना सहज यादी उघडली, तर त्या ओळीवर काट मारलेली आणि खाली सहा महिन्यांनंतरची तारीख. मी एका शब्दाने विचारलं नव्हतं! "सांग ना, काय मदत करू?" या प्रश्नाचा मला फार शीण यायचा. आता तो प्रश्नच येत नाही.

---

काम नीट फोडून लिहा, एवढंच सांगेन. "बाथरूम" ही नोंद आमच्या यादीत नुसती पडून होती. "गळक्या नळासाठी प्लंबरला फोन" असं लिहिल्यावर धाकट्या भावाने त्याच संध्याकाळी फोन लावला.

---

मी आजी आहे. मोबाइलवरची यादी मला दिसत नाही, म्हणून सुनेने फ्रिजवर मोठा कागद लावलाय, बाजूला दोरीला पेन. माझी कामं मीच निवडते: झाडांना पाणी, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या, नातवाचं पाठांतर. पूर्वी सगळे "आई, तुम्ही बसा हो" म्हणायचे. मायेनेच म्हणायचे, पण नुसतं बसून जीव कोंडायचा. घरात एखादं वयस्कर माणूस असेल तर त्यालाही यादीत जागा द्या.

---

रात्री अंथरुणावर पडलं की मला उद्याची कामं आठवायची. अमेरिकेत २०१८ साली ५७ तरुणांवर एक प्रयोग झाला होता. झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. प्रयोग लहान आहे, पण मला स्वतःला फायदा झाला. आता जेवणं झाली की आम्ही दोघं मिळून लिहितो, मग त्या विषयावर बोलणं बंद.

---

आमच्याकडे यादीने आधी भांडणंच वाढली. जो तो दुसऱ्याच्या नावावर कामं टाकायचा. दिवसभर राबून घरी यावं तर आपल्या नावापुढे आणखी चार ओळी. शेवटी ठरवलं, विचारल्याशिवाय दुसऱ्याचं नाव घालायचं नाही. रविवारी सकाळी सगळे एकत्र बसतो आणि आधी पाहतो की यातलं काय नाही केलं तरी चालेल. निम्मी यादी तिथेच गळते. मुलगा पंधरा वर्षांचा आहे. पडदे दर महिन्याला कशाला धुवायचे, हे त्यानेच विचारलं, आणि कुणाकडेच उत्तर नव्हतं.

---

आम्ही तिघं भावंडं तीन घरांत राहतो, बाबा आजारी असतात. कोणती गोळी आणली, कुठला रिपोर्ट आला, डॉक्टर काय म्हणाले, सगळं एकाच यादीत टाकतो. जवळ राहणाऱ्या ताईला पूर्वी दोघांनाही वेगवेगळे फोन करून तेच तेच सांगावं लागायचं. आता आम्ही यादी वाचूनच तिला फोन करतो आणि पहिल्यांदा तिची चौकशी करतो.