मदत हवी आहे: हुरड्याच्या बेतासोबत कोणती शेरी चालेल आणि गोडासोबत कोणती?

नमस्कार मंडळी,

आमचे शेत अमरावती जिल्ह्यातील वरुड तालुक्यात आहे. (दारूबंदी शेजारच्या वर्धा जिल्ह्यात आहे, येथे नाही, धागा त्या वळणावर जाऊ नये म्हणून आधीच सांगतो.) कामानिमित्त स्पेनमध्ये असलेल्या भाच्याने दिवाळीत शेरीच्या (अल्कोहोल घालून कडक केलेल्या तिथल्या वाइनच्या) अर्ध्या लिटरच्या तीन प्रकारच्या बाटल्या आणल्या: फिनो, ओलोरोसो आणि पेद्रो हिमेनेस. कशासोबत काय घ्यावे हे विचारायचे राहून गेले आणि तो परतही गेला.

पहिल्या दिवशी पाटवडी रस्स्यासोबत फिनो घेतली. रस्स्यावर बोटभर तर्री होती. एका घोटातच तिखट दुप्पट झाले, आणि नुसती चाखताना भिजवलेल्या बदामासारखा नि आंबवलेल्या पिठासारखा जो स्वाद स्पष्ट लागला होता, तो पार नाहीसा झाला. उरलेली बाटली बूच लावून फडताळात ठेवली होती. तीन आठवड्यांनी पाहिले तर रंग गडद झालेला आणि वास कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा शिळा. पेद्रो हिमेनेस काकवीसारखी काळी असून पेल्याच्या काचेवरून संथपणे उतरते. ती पुरणपोळीसोबत घेतली, तेव्हा पुरणातला गूळ, वरचे तूप आणि ही शेरी मिळून दोन घासांतच नकोसे झाले.

आता जानेवारीत हुरडा आहे आणि भाचा फिनोची आणखी एक बाटली आणणार आहे. बेतात जवसाची चटणी, खारे शेंगदाणे, वांग्याच्या भाजीसोबत रोडगे, गावरान कोंबडी आणि शेवटी संत्रा बर्फी आहे. कशाला काय द्यावे आणि उघडलेली बाटली कशी ठेवावी, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपली फिनो फडताळाने बिघडवली. स्पेनच्या दक्षिणेतील हेरेस परिसरात ती पिंपात यीस्टच्या सायीखाली मुरते. ती साय हवेला अडवते आणि उरलीसुरली साखरही खाते, म्हणून फिनो इतकी कोरडी आणि इतकी नाजूक असते. उघडल्यावर ती फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवावी आणि ७ ते ९ अंशांवर, म्हणजे चांगली गार, द्यावी. तिच्यात सुमारे १५ टक्के अल्कोहोल असते आणि अल्कोहोल मिरचीची आग वाढवते, त्यामुळे तर्रीशी तिचे जमणार नाही. मीठ आणि तळण मात्र तिला मानवते. खारे शेंगदाणे, तळलेले पापड आणि भजी यांच्यासोबत ती निःशंक द्यावी. कोवळा हुरडा मुळात गोड असल्याने नुसत्या हुरड्यापुढे ती किंचित कडवट लागेल. जवसाची चटणी लावून खाल्ल्यास जुळेल, पण चटणीत मिरची बेताची असावी.

ताटातल्या पोहणाऱ्याला (मासळीला) फिनो, उडणाऱ्याला अमोंतियादो (आधी सायीखाली, मग हवेत मुरलेली शेरी) आणि धावणाऱ्याला ओलोरोसो, असा एक प्रचलित ठोकताळा आहे. गावरान कोंबडी उडते कमी आणि धावते जास्त, तेव्हा ओलोरोसोच द्यावी. ती सायीविना, हवेच्या संपर्कात मुरलेली असते. तिचा वास अक्रोडासारखा असून गोडसर भासतो, पण चव कोरडीच असते. माझ्या मते गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचा धुरकट स्वाद तिला कोंबडीपेक्षाही अधिक साजेल.

पेद्रो हिमेनेस उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची असते आणि तिच्यात लिटरला किमान २१२ ग्रॅम साखर असते. पदार्थापेक्षा वाइन कमी गोड नसावी हे खरे, परंतु इतक्या गोडावर पुन्हा गूळ किंवा बर्फी नको. तिला आंबट, कडू किंवा थंड काहीतरी हवे असते. बर्फी घरी पाठवावी आणि बागेतल्याच संत्र्याच्या गार फोडी द्याव्यात, किंवा साध्या व्हॅनिला आइस्क्रीमवर तिची धार सोडावी. पुरणपोळीला कटाची आमटीच बरी.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. एक शंका राहिली: शेतावर फ्रिज नाही, मग ओलोरोसोचे काय करावे?

प्रतिसाद १

तिला १२ ते १४ अंश पुरतात. जानेवारीत आपल्याकडे पहाटे तेवढी थंडी असतेच. बाटली रात्रभर बाहेर ठेवून सकाळी ओल्या गोणपाटात गुंडाळावी आणि सावलीत ठेवावी. फिनोसाठी मात्र घरून बर्फ न्यावा लागेल.